लहान नाव, जुने नाव : कन्येच्या नामकरणासंबंधी काही विचार

वैद्याकडे लोक केवळ व्याधी घेऊनच येतात असे नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव अशा आपल्या भागात व्यवसाय करणाऱ्या बहुतेक वैद्यबंधूंना व भगिनींना हा अनुभव असेल की, सूतिकेसाठी दशमूलारिष्ट किंवा बाळासाठी बालघुटी नेण्यास आलेले कुटुंब जाता जाता सहज विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, मुलीला एखादं नाव सुचवा ना, लहान पाहिजे आणि कुणाचं नसलेलं पाहिजे.’’ औषधी दुकानाच्या फळीवरही हाच प्रश्न येतो. वैद्यास संस्कृत येते, हा त्यामागील विश्वास आहे. या विश्वासास उत्तर देताना पंचांगाच्या मागील पाने उलटणे किंवा बाजारातील नामावलीचे पुस्तक पुढे करणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. नामकरण हा आपल्या संहितांतील विषय आहे. तो केवळ पुरोहिताचा नाही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकेच्या व बालकाच्या परिचर्येबरोबरच नामकर्माचा विधी येतो. दहाव्या दिवशी सर्वगंध औषधी, पांढरी मोहरी व लोध्र यांनी सिद्ध केलेल्या जलाने माता बालकासह स्नान करते, हलकी व स्वच्छ वस्त्रे नेसते आणि त्यानंतर पिता बालकास दोन नावे देतो. एक नाक्षत्रिक, म्हणजे जन्मनक्षत्राच्या देवतेशी संबंध असलेले. दुसरे आभिप्रायिक, म्हणजे हेतूपूर्वक ठेवलेले, व्यवहारात हाक मारण्याचे. सुश्रुताने हा विषय फार थोडक्यात आटोपला आहे : दहाव्या दिवशी आईवडिलांनी स्वतःस आवडेल ते अथवा नक्षत्राचे नाव ठेवावे. येथे माता व पिता या दोघांचाही निर्देश आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वाग्भट नाव समाक्षर असावे असे म्हणतो. आपल्याकडील बारसे बाराव्या दिवशी होते व नाव बाळाच्या कानात आत्या सांगते. लोकाचाराने शास्त्राला दिलेले हे वळण सुंदरच आहे, त्यात बदल सुचविण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही.

आता ‘लहान’ या अपेक्षेकडे पाहू. चरकाने नाक्षत्रिक नाव दोन किंवा चार अक्षरांचे सांगितले आहे. आभिप्रायिक नावाविषयी त्याचे नियम ध्वनीचे आहेत. आरंभी घोष वर्ण असावा, म्हणजे ग, ज, द, ब यांसारखा अथवा अनुनासिक. शेवटाकडे य, र, ल, व यांपैकी अंतःस्थ किंवा श, ष, स, ह यांपैकी ऊष्म वर्ण असावा. आणि नाव ‘अवृद्ध’ असावे. व्याकरणात ज्या शब्दाच्या पहिल्या स्वराच्या जागी आ, ऐ किंवा औ येतो त्यास वृद्ध म्हणतात. तसे ते नसावे. हे नियम रुक्ष वाटले तरी त्यांत कानाचा विचार आहे. घोष वर्णाचा आरंभ नादयुक्त असतो आणि अंतःस्थ वर्णावर नाव सैल सुटते. अंगणातून हाक मारून पाहावी म्हणजे फरक कळतो. जवळजवळ हीच लक्षणे पतंजलीच्या महाभाष्यातही येतात व तेथेही दोन किंवा चार अक्षरे सांगितली आहेत. म्हणजे लहान नावाची आवड ही आजच्या पिढीची लहर नव्हे, तिला दोन हजार वर्षांचा आधार आहे.

मुलींसाठी मात्र पारस्कर गृह्यसूत्रात विषम अक्षरांचे व आकारान्त नाव सांगितले आहे. काही घरांतील वडीलधारी मंडळी या आधारावर दोन अक्षरी नावास हरकत घेतात. त्यांना एवढेच सांगावे की सीता, उमा, रमा, गंगा ही नावे या देशात कोणी टाकली नाहीत.

‘कुणाचे नसलेले’ या दुसऱ्या अपेक्षेत खरी अडचण आहे. चरकाने सांगितलेली उरलेली दोन लक्षणे अशी : नाव ‘त्रिपुरुषानूक’ असावे, म्हणजे तीन पिढ्यांतील पूर्वजांशी त्याचे नाते असावे; आणि ते ‘अनवप्रतिष्ठित’ असावे, म्हणजे नव्यानेच रूढ झालेले नसावे. (महाभाष्यात या ठिकाणी ‘अनरिप्रतिष्ठित’, शत्रूच्या कुळात न चालणारे, असा पाठ आहे, त्याची चर्चा येथे करीत नाही.) आजचे आईवडील नेमके याच्या उलट मागतात. पूर्वी कोणी न ऐकलेले, दोन अक्षरे जुळवून बनविलेले, वडिलांच्या नावाचे पहिले व आईच्या नावाचे शेवटचे अक्षर घेऊन तयार केलेले नाव त्यांस हवे असते. अशा नावास अर्थ नसतो. मग तो पुढे शोधला जातो आणि कोठेतरी ‘देवीचे एक नाव’ असा छापला जातो. शब्दकोशात नसलेले शब्द देवीच्या नावावर घालण्याची ही प्रथा आम्हांस मान्य नाही.

यातून मार्ग आहे. जे नाव जुने आहे, परंतु वापरातून मागे पडले आहे, ते एकाच वेळी अनवप्रतिष्ठितही असते व दुर्मीळही असते. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नर्सी हे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचा संबंध औंढा नागनाथाशी सांगितला जातो. तेराव्या-चौदाव्या शतकातील या एका शिंपी कुटुंबातील नावे पाहा. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई. नारा, विठा, गोंदा व म्हादा हे चार मुलगे. सुना लाडाई, गोडाई, येसाई व साखराई. आणि त्याच घरात स्वतःस दासी म्हणवून घेणारी, गंगाखेडहून आलेली जनी. प्रत्येक नाव दोन-तीन अक्षरांचे, त्यावर मायेचा ‘आई’ हा प्रत्यय. साखर, गोडी, लाड आणि लिंब हे सगळे एका घरात नांदत होते. लिंब म्हणजे आपला कडुनिंबच. मराठवाड्यात आजही त्यास लिंबच म्हणतात. मुलीच्या नावातून कडू रसाच्या, कृमिघ्न अशा वृक्षाची आठवण व्हावी आणि सुनेच्या नावातून साखरेची, यात आम्हां वैद्यांस थोडा आनंद वाटला तर तो क्षम्य मानावा. आज कोणी मुलीचे नाव ‘लिंबाई’ ठेवणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु येसा, जना, मुक्ता, गोदा, राही यांना कोणती हरकत आहे? राही हे राधिकेचे मराठी रूप होय व ते विठ्ठलाच्या परिवारात रखुमाईच्या जोडीने येते. चरकाच्या काटेकोर कसोटीने ते ‘वृद्ध’ ठरते हे खरे. परंतु येथे शास्त्राचा एवढा आग्रह धरावा असे आम्हांस वाटत नाही.

त्रिपुरुषानूक या शब्दाचा अर्थ पितृकुळापुरता घेण्याचा प्रघात आहे. मुलीच्या बाबतीत आईची आई, तिची आई अशी शाखा का घेऊ नये, असा प्रश्न आम्ही कुटुंबांस विचारीत असतो. पणजीचे नाव विचारले की घरात पाच मिनिटे शांतता पसरते. ते कोणालाच आठवत नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे माहेरचे नाव पुसण्याची चाल आपल्याकडे दीर्घकाळ होती, त्यामुळे पणजीची दोन नावे असतात आणि त्यांपैकी माहेरचे शोधावे लागते. ते अनेकदा लहान, सुटसुटीत व आज कोठेही न ऐकू येणारे निघते.

दुसरे भांडार आपले स्वतःचे आहे, ते म्हणजे निघंटू. स्त्रीलिंगी, दोन अक्षरी व मधुर अशी नावे एवढ्या संख्येने अन्यत्र क्वचितच सापडतील. उदाहरणादाखल आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली हळद घ्या. हरिद्रेची निशा, रजनी, गौरी, कांचनी, पीता, वरवर्णिनी ही सर्व नावे निघंटूंत आहेत. रात्रवाचक शब्द तर सर्रास हळदीसाठी येतात. वसमतच्या शेतकऱ्याने आपल्या मुलीस ‘निशा’ म्हटले तर तो अंधाराचे नव्हे, आपल्या पिकाचे नाव ठेवतो, हे त्याला सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते पाहण्यासारखे असते. ‘निशा’ चरकाच्या लक्षणांतही बसते : आरंभी अनुनासिक घोष वर्ण, शेवटी ऊष्म. ‘जया’ हे अग्निमंथाचे नाव, तेही बसते. दूर्वा बसते. मूर्वा बसते; बाजारात मूर्वा म्हणून नेमके काय मिळते हा वाद औषधविक्रेत्यांस ठाऊकच आहे, पण मुलीचे नाव संदिग्ध द्रव्याचे असले म्हणून बिघडत नाही. शालपर्णीस स्थिरा व ध्रुवा म्हणतात. आवळ्यास धात्री, गुळवेलीस अमृता, हिरड्यास अभया व पथ्या. सारिवेस अनंता व गोपी. मनुकेस मृद्वीका. प्रियंगूची तर मौज आहे : कांता, फलिनी, लता यांबरोबर तिला ‘महिलाह्वया’ असेही नाव आहे, म्हणजे स्त्रीची जी जी नावे ती हिचीही नावे.

तथापि निघंटूतून नाव काढताना संस्कृत अर्थावर थांबून चालत नाही. ते नाव मराठी कानावर काय परिणाम करील याचा विचार आधी करावा. बला हे द्रव्य बल्य व बृंहण. ‘बला’ या शब्दात आरंभी घोष वर्ण व अंती अंतःस्थ, म्हणजे चरकाच्या मापाने निर्दोष. परंतु आपल्या बोलीत ‘बला’ म्हणजे संकट. निजामी राजवटीत उर्दूच्या सहवासात वाढलेल्या मराठवाड्यात हा अर्थ कोणासही शिकवावा लागत नाही. पिप्पलीचे एक नाव ‘कणा’. शाळेत त्या मुलीस पाठीचा कणा म्हणून चिडवतील. चमेलीचे संस्कृत नाव ‘जाती’. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ‘मेदा’ ही अष्टवर्गातील दुर्मीळ वनस्पती, पण ऐकणाऱ्यास मेदोरोग आठवतो. हिरड्याच्या सात प्रकारांत विजया, रोहिणी, अमृता, अभया, जीवंती, चेतकी ही सहा नावे कोणत्याही मुलीस शोभतील, सातवे ‘पूतना’. ते का ठेवू नये हे सांगावयास नको.

येथे एक शंका काही अभ्यासू मंडळी उपस्थित करतात. रेवती ही सुश्रुताने सांगितलेल्या नऊ बालग्रहांपैकी एक आहे, काश्यपसंहितेत तर तिच्यावर स्वतंत्र कल्प आहे. रोहिणी हा प्राणघातक कंठरोग आहे. मग ही नावे वर्ज्य करावीत काय? आमचे मत असे की मुळीच नाही. रेवती व रोहिणी ही नक्षत्रे म्हणून समाजाच्या मनात स्थिर झाली आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने ती शुद्ध झाली आहेत. पूतनेस ते भाग्य लाभले नाही. शब्दाचा दोष ग्रंथात नसतो, लोकव्यवहारात असतो. ज्या बाईंचे नाव रेवती आहे त्यांना बालग्रहाची कथा ऐकवण्याचा मोह वैद्याने आवरावा.

नक्षत्रचरणाच्या अक्षराविषयी कुटुंबाची श्रद्धा असेल तर तिचा मान राखावा, पण एक गोष्ट समजावून द्यावी. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरे. त्यांत आर्द्रेच्या एका चरणास ‘ङ’, हस्ताच्या एका चरणास ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणास ‘ञ’ येतो. या अक्षरांनी आरंभ होणारे मराठी नाव नाही. तेव्हा पुरोहित अन्य अक्षर सुचवितात आणि संसार चालतो. जेथे शास्त्रानेच अशी सवलत घेतली आहे तेथे इतर चरणांच्या बाबतीत थोडी मोकळीक घेण्यास हरकत नसावी. शिवाय चरकाने दोन नावे सांगितलीच आहेत. नाक्षत्रिक नाव पत्रिकेत राहू द्यावे व हाकेचे नाव स्वतंत्रपणे निवडावे.

आतापर्यंतचे विवेचन ज्या घरात मुलगी हवी होती त्या घरासाठी झाले. सर्वच घरे तशी नसतात.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एका समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांची पूर्वीची नावे ‘नकुशा’, ‘नकोशी’ अशा अर्थाची होती. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली म्हणून ती ठेवलेली होती, आणि ती शाळेच्या पटावरही तशीच चालत आली होती. ही चाल व दगडू, धोंडू, केरू, धोंडाबाई अशी नावे ठेवण्याची जुनी चाल एक नव्हे. ज्या घरात आधीची मुले दगावली तेथे मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून मुलास कुरूप नाव दिले जाई. त्यामागे ते मूल जगावे ही तळमळ होती. ‘नकुशा’मागे उलट इच्छा आहे. दोन्ही नावे सारखीच ओबडधोबड दिसतात, परंतु एक कवच आहे व दुसरे आघात.

आता शिक्षण वाढल्यामुळे कोणी उघडपणे नकुशा म्हणणार नाही. परंतु तिसऱ्या मुलीच्या वेळी ‘अंतिमा’, ‘इति’ किंवा ‘पूर्णा’ अशा सुबक नावाची मागणी आली तर वैद्याने क्षणभर थांबून प्रश्न विचारावा. ‘पूर्णा’ ही आपल्याकडील नदी आहे आणि ते नाव उत्तमच आहे. नदीचे म्हणून ठेवले असेल तर आनंद. ‘आता पुरे’ या अर्थाने ठेवले असेल तर ते त्या मुलीला आयुष्यभर कोणीतरी केव्हातरी सांगणारच. अशा प्रसंगी उपदेश न करता दुसरे चांगले नाव पुढे ठेवणे अधिक उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. ‘अभया घ्या, जिला भय नाही ती,’ एवढे म्हटले की बहुधा आईच प्रथम मान डोलावते.

या संदर्भात आपल्या व्यवसायाशी थेट संबंध असलेली गोष्ट टाळता येत नाही. ज्या अध्यायात नामकर्म आहे त्याच अध्यायात पुंसवनही आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. २००३ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड आणि तिची जाहिरात हीदेखील लिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत आली आहे. ‘मुलगा होण्याचे औषध’ म्हणून कोणतेही द्रव्य देणे, सुचविणे किंवा दुकानात तशी पाटी लावणे हा गुन्हा आहे, आणि अशा औषधाने मुलगा होतो यास कसलाही आधार नाही. पुत्रजीवकाचे बी मागण्यास येणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्याने काय सांगावयाचे हे आधी ठरवून ठेवावे. एका हाताने मुलीला सुंदर संस्कृत नाव सुचवायचे व दुसऱ्या हाताने पुढच्या वेळी मुलगा व्हावा म्हणून पुडी बांधायची, हे एकाच फळीवर होऊ शकत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीतही कुटुंबे आपणांसच विचारतात, म्हणून थोडे सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. नाव निश्चित झाले नसेल तर ते नंतर बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क नोंदविता येते. म्हणून घाई करून रुग्णालयातच कोणतेतरी नाव लिहून देऊ नये. एकदा नोंदलेले नाव बदलणे कटकटीचे असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरला आहे, त्यामुळे त्यावरील प्रत्येक मात्रा महत्त्वाची. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नावही आवश्यक केले आहे : स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. अशी चार पदांची ओळ लहान चौकटीत बसवताना दोन अक्षरी नावाचे महत्त्व कळते.

लहान नावाचा धोका रोमन लिपीत आहे. तेथे ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ‘रमा’ लिहिले तर ‘राम’ वाचतात. ‘जाई’ व ‘जय’ एकाच तीन अक्षरांत लिहिले जातात आणि मुलीच्या रकान्यात मुलगा उमटतो. इला, ईला व एला यांचे तर सगळेच एकमेकांत मिसळते. नाव ठरविण्यापूर्वी ते रोमन लिपीत लिहून अपरिचित माणसाकडून वाचून घ्यावे, ही आमची साधी सूचना आहे.

शेवटी आपल्या ओपीडीतील बाब. चरकाने नामकर्म झाल्यावर लगेच बालकाच्या परीक्षणास आरंभ सांगितला आहे. आज नावाचाच परीक्षणासाठी उपयोग होतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की साडेचार महिन्यांचे बालक स्वतःच्या नावाचा ध्वनी इतर नावांपासून वेगळा ओळखते. नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत हाकेला वळून पाहणे अपेक्षित असते. ते होत नसेल तर ‘मुलगी शांत आहे’ असे म्हणून पाठवू नये. श्रवणपरीक्षा करण्यास सांगावे. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. श, स यांसारख्या ऊष्म वर्णांचा ध्वनी उच्च कंपनांचा व दुर्बळ असतो, स्वरांचा त्या मानाने खालच्या कंपनांचा व बळकट. ज्या बालकास केवळ उच्च ध्वनी ऐकू येत नाहीत ते ‘निशा’ या हाकेतील स्वर ऐकून वळते आणि आईस वाटते की कान उत्तम आहेत. म्हणून केवळ नावाच्या हाकेवर विसंबू नये. मागील बाजूने हलकेच ‘स्‌ स्‌’ असा आवाजही करून पाहावा, आणि थोडीही शंका राहिल्यास तपासणीसाठी पाठवावे.

केसपेपरवर बारशापूर्वी ‘अमुक यांची मुलगी’ असे आईच्या नावाने नोंदलेले असते. नाव ठेवल्यानंतर पुढील भेटीत ते जुन्या नोंदीच्या शेजारीच लिहून तारीख घालावी; नवा कागद काढू नये, अन्यथा लसीकरणाची व औषधमात्रेची माहिती दोन ठिकाणी विभागली जाते. पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनाच्या गर्दीत आर्या, आरोही, आराध्या एकामागोमाग येतात. त्या वेळी बाटलीवर नावाबरोबर आईचे नाव व वजन लिहिण्याची सवय औषधविक्रेत्यांनीही ठेवावी.